भाव मंग, आंधी पाठ

आमच्या हिच्या मामांनी एकदा ज्या लॉजात पाऊल टाकलं, तिथला मॅनेजर पुन्हा म्हणून पूर्वीसारखा राहिला नाही. वाशिममधल्या कुठल्याही नातलगाकडे लग्न निघालं की वऱ्हाडाच्या खोल्या ठरवायला मामाच जायचे. खोलीच्या भावाचं नाव काढायचे नाहीत. चपला दाराशी काढून थेट पलंगावर आडवे व्हायचे, डोळे मिटायचे आणि शेजारची गादी थोपटून मॅनेजरला म्हणायचे, "या, तुमीबी पडा. भाव मंग, आंधी पाठ." म्हणजे आधी पाठ टेकून बघू, पैशाचं नंतर. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण वऱ्हाडातला माणूस कधी एकटा झोपतो का, असा त्यांचा सवाल असे. मॅनेजर बिचारा आडवा व्हायचा, आणि आडवा झालेला माणूस फार ताणून धरत नाही, हे मामांचं शास्त्र. गरम पाणी, जास्तीच्या उशा, म्हाताऱ्यांना खालचा मजला, सगळं ते पडल्या पडल्याच कबूल करून घ्यायचे.

माझ्या मुलीच्या लग्नात व्याही पुण्याचे, गोड बोलणारे पण मानपानाला फार हळवे. "राहायची सोय नीट आहे ना?" म्हणून त्यांचे दोन फोन आधीच येऊन गेले होते. मामांनी बारा खोल्या पक्क्या केल्या, बाराही पलंगांवर मला शेजारी घेऊन. आणि लग्न चार दिवसांवर आलेलं असताना मॅनेजरचा फोन, "मामा आत्ताच सहा खोल्या सोडून गेले." ऐन लग्नसराईत आता खोल्या आणायच्या कुठून?

तसाच मामांच्या घरी धावलो. मामा अंगणात गाद्या झटकत होते.

"मामा, हे काय करून बसलात?"

"बाजारातल्या बांगडीवाल्या चाचाच्या पोरीचा निकाह हाय त्याच दिवशी. बरात हैदराबादची. लॉजवर उभ्यानं रडून राह्यला होता थो. त्याचीबी पोरगीच हाय ना, जवाईबापू?"

"आणि माझे व्याही?"

"ते माह्या घरी. आमी दोघं गच्चीवर. तुमी कायले घाबरता?"

"माझ्या पोरीला उद्या कोणी बोललं तर तुम्हाला कधी माफ करणार नाही," असं मी तोंडावर बोललो. मामा गाद्या झटकतच राहिले.

लग्नाच्या सकाळी धास्तावत त्यांच्या घरी गेलो आणि दारातच थबकलो. माझे हळवे व्याही मामांशेजारी पलंगावर आडवे पडून चहाची वाट बघत खदखदून हसत होते. लग्नातलं जेवण व्याही केव्हाच विसरले, पण मामांचं घर अजून विसरलेले नाहीत. चुकलं, एवढं मात्र मी मामांना कधीच म्हणालो नाही.

मामा जाऊन वर्ष झालं. परवा पुतण्याच्या लग्नासाठी त्याच लॉजात गेलो. मॅनेजरने भाव सांगितलाच नाही. खोली उघडली आणि हळूच म्हणाला, "पाठ टेकून पाहा." चपला काढून मी पलंगाच्या एका कडेला आडवा झालो आणि शेजारची जागा मोकळी ठेवली. मॅनेजर दारातच उभा राहिला. त्या जागेवर तोही आला नाही.