एकसष्टावी मुलगी

आमच्या केंद्रात 'तंत्रस्नेही मुख्याध्यापक' म्हणून ज्याची ओळख होती तो मीच. ही ओळख मी स्वतःच करून दिली होती, हे आता सांगायला हरकत नाही. कुणाचा मोबाइल अडकला, कुणी पासवर्ड विसरलं की आसपासच्या शाळांतून मला फोन येत आणि मी 'बंद करून परत चालू करा' एवढं एकच वाक्य ऐकवून उपकार करत असे.

मोताळा तालुक्यातली माझी शाळा पहिली ते पाचवीची. तीन शिक्षक, एकसष्ट मुलं. साठपर्यंत मुलं असली की दोनच शिक्षक मिळतात, एकसष्टावं मूल असलं तरच तिसरं पद टिकतं. ते तिसरं पद म्हणजे आमच्या बाई. त्या सगळ्यांत शेवटी आलेल्या, त्यामुळे एक मूल घटलं की त्या 'अतिरिक्त' ठरून जिल्ह्याच्या कुठल्या तरी टोकाला फेकल्या जाणार. त्यांची मुलगी आमच्याच पहिलीत होती. आई गेली तर तीही जाणार, म्हणजे आणखी एक कमी. आम्ही रोज सकाळी देवाच्या आधी पट मोजत होतो.

अशात चेहऱ्यावरून हजेरी घेण्याचं अ‍ॅप आलं. दोन दिवसांत प्रत्येक मुलाचा फोटो त्याच्या नावापुढे चढवायचा होता. जी शाळा आधी पूर्ण करेल तिचं मुख्याध्यापकांच्या ग्रुपवर अभिनंदन होणार होतं. अभिनंदन म्हटलं की माझं भान सुटतं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मी साठ मुलांना भिंतीशी उभं करून, डोळे मिचकावायला लावून, हिरवी खूण मिळवली होती. राहिली एक. चौथीतल्या जुळ्या बहिणींपैकी मोठी. घरात दोघींना मोठी आणि लहानी म्हणत, मीही तेच म्हणे. मोठी आईबरोबर मेथी विकायला मोताळ्याच्या बाजारात गेली होती. तेवढ्यात ग्रुपवर दुसऱ्या एका शाळेनं लिहिलं, 'फक्त दोन बाकी.'

मी नुकताच फोटो काढून झालेल्या लहानीकडे पाहिलं. तेच नाक, तेच कान, तोच गणवेश.

"ये, मोठीचा फोटो काढू."

"पन मोठी तं बाजारात हाय, सर."

"म्हणूनच तुला बोलावलं."

फोटो वेगळा दिसावा म्हणून तिला दोन वेण्या सोडून एक घालायला लावली. हा माझा कलात्मक सहभाग. ती डोळे मिचकावून उभी राहिली, हिरवी खूण आली आणि मी ग्रुपवर 'एकसष्टपैकी एकसष्ट' टाकलं. फुलं आली, अंगठे आले, जोडलेले हात आले. बाई त्या दिवशी निवडणुकीच्या प्रशिक्षणाला गेल्या होत्या. नाहीतर त्यांनी मला तिथंच अडवलं असतं.

दुसऱ्या दिवशी खरी मोठी कॅमेऱ्यापुढे उभी राहिली. अ‍ॅप म्हणालं, चेहरा जुळत नाही. बरोबरच होतं त्याचं. मी लहानीला उभं केलं, लगेच जुळला. मग तोच रिवाज पडला. सकाळी बाई प्रार्थना घेत, मी मोबाइल घेऊन हजेरीला बसे आणि लहानी रांगेत दोनदा लागे, आधी लहानी म्हणून आणि मग मोठी म्हणून. एकदा लहानीला ताप आला. त्या दिवशी मोठी पहिल्या बाकावर बसून पाढे म्हणत होती आणि नोंदीप्रमाणे दोघीही गैरहजर होत्या. बाईंनी विचारलं तर मी म्हणालो, "नेटवर्क."

महिन्याभरात वरून यादी आली. एकच चेहरा दोन नावांवर सापडल्यामुळे एक नोंद रद्द, आणि यापुढे असा दुसरा फोटो अ‍ॅप घेणारच नाही, अशी खाली टीप. रद्द झाली ती मोठी. पटावर साठ.

बाईंनी कपाटातला आपला कप्पा रिकामा करायला घेतला. मग एकदम म्हणाल्या, "या मेल्या मशीनला दोन पोरींतला फरक कळत नाही, सर! दोन हाडामांसाच्या पोरी!"

"डोकंच नाही त्याला," मी म्हणालो.

मग आम्ही दोघांनी मिळून त्या अ‍ॅपचा असा उद्धार केला की माझं मलाच खरं वाटायला लागलं. जाता-येता मी सांगत सुटलो की मशीननं घोळ घातला. पोरींची आई म्हणाली, "दोन दोन बाळंतपणं केली असती तं पुरावा तरी राह्यला असता."

मोठीनं मात्र ही गोष्ट फार शिस्तीनं घेतली. तोंडी हजेरीला ती ओ देईना. गृहपाठ विचारला तर म्हणाली, "माहं नाव कटलं न, सर. मंग लिहू काऊन?" खिचडीला ताट घेऊन रांगेत उभी राहीना, लहानीच्या ताटातच हात घालून खाई. पोरं हसत. मीही आधी हसलो. मग एका दुपारी लहानी ताटातला भात बोटानं दोन वाटे करताना दिसली आणि मी चहा ठेवून नोंद दुरुस्तीचा कोरा अर्ज काढला.

दुरुस्तीच्या शेवटच्या दिवशी दोघींना घेऊन मी तालुक्याच्या कार्यालयात गेलो. तिथले क्लार्क निवृत्तीला आलेले, चष्मा कपाळावर ठेवणारे. मी बाईंच्या पदाची अडचण सांगून अर्ज पुढे केला. कारणाच्या रकान्यात 'तांत्रिक अडचण' लिहिलं होतं.

"हे नका लिहू, सर," ते म्हणाले. "कपाट भरलं त्यानं."

त्यांनी चष्मा खाली ओढला, संगणकावर दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावले आणि बराच वेळ पाहत राहिले. मग माझ्याकडे वळले.

"दोघींचंबी वरून दुसरं बटन तुटेल हाय. दोघींच्याबी गालाले शाईचा एकच डाग. अन् फोटोतला टाइम पाच मिनिटांच्या फरकानं. सर, मी पोरगी पाह्यतो का तुमची हुशारी?"

मी इकडेतिकडे पाहिलं. दोघी पोरी भिंतीवरचा नकाशा वाचत होत्या. 'तांत्रिक अडचण' खोडली आणि लिहिलं की फोटो मीच चुकीचा चढवला, घाईत नाही, अभिनंदनासाठी. 'अभिनंदनासाठी' त्यांनी खोडायला लावलं. म्हणाले, असा रकाना नाही.

"खुलासा द्या लागन तुमाले. पन पोरगी वाचली, बाईबी वाचतीन. काढा फोटो आता, खऱ्या पोरीचा."

माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. मी उत्साहानं नकाशापाशी गेलो, मोठीच्या खांद्यावर हात ठेवला, तिला भिंतीशी उभं केलं, केस नीट केले. मोबाइल धरला. तिनं डोळे मिचकावले.

लाल पट्टी आली. या विद्यार्थिनीची नोंद आधीच आहे.

"पाहा!" मी क्लार्कवर ओरडलो. "पाहा, खरी पोरगी उभी केली तरी हे मशीन..."

"सर," भिंतीशी उभी असलेली मुलगी हळूच म्हणाली, "मी लहानी व्हय."

क्लार्क नकाशाकडे पाहायला लागले. चार वर्षं त्या दोघी माझ्या शाळेत होत्या. मी मोठीकडे वळलो. ती नकाशाजवळच उभी होती.

"मग तू बोलली का नाहीस? मी तिला नेलं तेव्हा सांगायचं नाही का?"

"मले वाटलं," ती म्हणाली, "आताबी तिच्यावरच भागते."

मला इतकी लाज वाटली की मी तिथंच गुडघ्यांवर बसलो. तिचा चेहरा पहिल्यांदा समोरून पाहिला. डाव्या भुवईत बारीक खूण होती, लहानीला ती नव्हती. मी तिला नावानं बोलावलं आणि फोटो काढला. हिरवी खूण यायला एक क्षणही लागला नाही.

"झाले एकसष्ट," क्लार्क म्हणाले. "लावा फोन बाईले."

मोबाइल हातातच होता. पण आता घोळ मशीनचा नव्हता, माझा होता, हे बाईंना सांगावं लागणार होतं आणि माझा अंगठा त्यांच्या नावावर बराच वेळ नुसताच राहिला.