चौकातला फ्लेक्स

खून-दरोड्यांच्या हकिगती मी कुणी विचारल्या तर सांगतो. न विचारता आठवतो तो मात्र एक हरवलेला फ्लेक्स.

हिंगोली जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. विधानसभेची निवडणूक लागली होती. सगळे ज्यांना नुसतं 'साहेब' म्हणत ते जुने आमदार वयामुळे थांबले, जागा मोकळी झाली आणि साहेबांचे खरे वारस आपणच, असं सांगणारे उमेदवार गावोगाव फिरू लागले. प्रत्येकाच्या फ्लेक्सवर स्वतःचा फोटो मोठा आणि साहेबांचा त्याहून मोठा. त्यामुळे फ्लेक्स कुणाचाही फाटो, अपमान सगळ्यांचाच व्हायचा आणि ठाण्यात सगळेच यायचे.

रात्री अवकाळी पाऊस झाला आणि सकाळी कुरुंद्याच्या बाजूच्या एका गावातून चौकातला फ्लेक्स नाहीसा झाला. त्या उमेदवाराचा गावातला पुढारी जमाव घेऊन आला. आरोपी धरा, नाहीतर रस्ता रोको. मी घटनास्थळी गेलो. बांबूची चौकट जागेवर होती. सुतळी कापलेली नव्हती, गाठी नीट सोडलेल्या होत्या. मी सोबतच्या हवालदाराला गंभीर चेहऱ्याने सांगितलं, हा थंड डोक्याने केलेला कट आहे. तो "जी साहेब" म्हणाला आणि दुसरीकडे बघू लागला.

तेवढ्यात खबऱ्याचा फोन आला. बौद्ध वस्तीतला एक ड्रायव्हर पहाटे चौकात दिसला होता आणि तो विरोधी उमेदवाराची प्रचारगाडी चालवत होता. वस्तीतलं नाव निघालं की गावाला पुराव्याची गरज वाटत नाही, हे मला नोकरीभर ठाऊक होतं. त्या दिवशी मलाही वाटली नाही. भर चौकातून त्याला जीपमध्ये बसवून आणलं.

माणूस तिशीतला. एसटीत चालक म्हणून निवड झालेली आणि चारित्र्य पडताळणीचा अर्ज आमच्याच ठाण्यात पडलेला. गुन्हा दाखल झाला की नोकरी हातची गेली. हे त्यालाही कळत होतं. मी त्याच भीतीवर बोट ठेवलं. कबूल कर, मग बघू, म्हणालो.

"काय कबूल करू साहेब? पहाटं गाडी काढाया गेलतो. रोजानं गाडी चालवून राहिलो मी. तो फ्लेक्स नेऊन काय घरात लावू?"

मी चहा मागवला. चहा समोर गार होत गेला आणि डोकं चालू लागलं. रागावलेला माणूस ओढतो, फाडतो, पेटवतो. भर पावसात ओल्या सुतळीच्या गाठी सोडत बसतो तो ज्याला फ्लेक्स अख्खा हवा असतो. आणि सोयाबीनची काढणी चालू असताना, पावसात, अख्खा फ्लेक्स कुणाला हवा असतो? माझा सकाळचा कट तिथंच विरघळला.

गावातली खळी फिरू लागलो. दोन ढिगांवर ताडपत्र्या होत्या. तिसऱ्यावर साहेब आभाळाकडे तोंड करून, हात जोडून आडवे होते. खळं होतं तक्रार देणाऱ्या पुढाऱ्याचंच. शेजारी त्याची आई बसली होती.

"व्हय, म्या अन् सुनेनं सोडला," म्हातारी म्हणाली. "ताडपत्री फाटकी. सोयाबीन भिजून राहिली होती. मतं व्हईस्तोवर भिजू द्यावं का?"

"मग लेकाला सांगितलं काहून नाही?"

"घरी येईल तवा सांगंन की."

पुढाऱ्याने तक्रार मागे घेतली. हे बाहेर जाऊ देऊ नका, एवढं हळूच म्हणाला. मी ड्रायव्हरला सांगितलं की जा, तुझा अहवाल स्वच्छ जाईल. तो उठेना.

"बसवून आणताना सगळ्या गावानं पाहिलं साहेब. आता एकटा पायी गेलो तर म्हणतील, वशिल्यानं सुटला. तुमीच नेऊन सोडा. उजेड हाय तवर."

मी त्याला पुढे, माझ्या सीटवर बसवलं. मागच्या बाकड्यावर, जिथे आरोपी बसतात, तिथे मी बसलो. त्या बाकड्यावरून रस्त्यातला प्रत्येक खड्डा कळतो आणि बाहेरची माणसं आपल्याकडे कशी बघतात तेही कळतं. चौकात गाडी थांबली तशी पारावरच्या एका आजोबांनी वाकून आत पाहिलं आणि ड्रायव्हरला विचारलं, "साहेबाला काहून धरलं रे?"

"धरलं न्हाई बाबा," तो खाली उतरत म्हणाला. "मला सोडाया आलेत."

चौकात बरीच माणसं होती. मी बाकड्यावरून उतरलो आणि याचा काही गुन्हा नाही, असं सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगितलं. दोघे-तिघे सरकले आणि त्याला पारावर बसायला जागा झाली.

माणूस धरून आणायची रीत आम्हाला प्रशिक्षणात शिकवतात. निर्दोष माणूस परत नेऊन पोचवायची शिकवत नाहीत. तिथे स्टेशन डायरीतली एक ओळ पुरते असं खातं समजतं. पण गाव डायरी वाचत नाही, गाव जीप बघतं. त्यानंतर चुकीने आणलेल्या प्रत्येकाला मी दिवसाउजेडी, पुढच्या सीटवर बसवून घरी सोडलं. मागचं बाकडं माझं.