ओटीपी कोणालाही सांगायचा नाही!

अकोल्यात बँकेच्या कार्डाच्या खिडकीवर बसलं की किस्से मागावे लागत नाहीत. लोक पासबुकासोबत तेही आत सरकवतात. मी अमरावतीहून बदलून आले, त्याला आता बरीच वर्षं झाली. घरी जेवताना नवरा आधी विचारतो, "आज कोण?"

*

जुन्या शहरातल्या एटीएममध्ये वहिनी आत, भाऊ बाहेर गाडीवर. वहिनी पिन विसरल्या, भाऊंनी ओरडून सांगितला. गाडीच्या आवाजात ऐकू जाईना, तर रांगेतल्या माणसांनी एकेक आकडा पुढे पोचवला!

मी म्हटलं, "भाऊ, पिन बदला आता."

"काहून? सारे आपलेच तं आहेत!"

*

तेल्हाऱ्याच्या मावशींनी नव्या क्रेडिट कार्डाची हळदकुंकू लावून पूजा केली आणि फोटो स्टेटसला टाकला. पुढची बाजू, मागचीही! मी घाबरून कार्ड ब्लॉक केलं. मावशी रुसल्या.

"नवीन कार्डाची पूजा करा मावशी, पण फोटो नको."

"मंग लोकायले कसं समजन वं माय?"

*

रिटायर झालेल्या रामभाऊंना 'हेड ऑफिसातून' फोन. कार्ड बंद होणार, नंबर सांगा!

"सांगतो ना बाप्पा. पयले तू सांग, गाव कोनतं? कोनाचा तू? लगन झालं का? आमच्या साडभावाची पोरगी हाये..."

चोरानेच फोन कापला. दुसऱ्या दिवशी रामभाऊ तक्रार घेऊन हजर. "तुमचे हेड ऑफिसातले पोट्टे अर्ध्या बोलन्यात फोन ठेवतेत मॅडम. हे काई बरं नाई!"

*

आणि आमचे बार्शीटाकळीचे वासुदेवकाका. फुलांची शेती, अतिशय गोड माणूस. कार्ड देताना मी बजावलं होतं, "काका, ओटीपी फोनवर कोणालाही सांगायचा नाही. पोटच्या पोरीलाही नाही!"

त्यांच्या कल्याणीचा अमरावतीच्या नर्सिंग कॉलेजात नंबर लागला. फी भरायचा शेवटचा दिवस, पाचला खिडकी बंद. काकांचं कार्ड तिच्याजवळ होतं. सकाळी कॉलेजातून तिने नंबर टाकला, ओटीपी गावी काकांच्या फोनवर गेला.

"बाबा, आकडे सांगा."

"नाई सांगत!" काकांनी फोन ठेवला, तो बंदच.

कल्याणीने रडत आमच्या शाखेत फोन केला. मी काकांना लावून लावून थकले. एवढी अभ्यासू पोरगी, आणि तिची जागा जाणार!

पाच वाजून गेल्यावर पुन्हा तिचा फोन. या वेळी हसत. "मॅडम, फी भरली! बाबा आले होते!"

एसटीने, थेट अमरावतीला! फोनवर सांगायचा नाही, म्हणून ओटीपी स्वतः पोचवायला. वाटेत कोणी काढून घेऊ नये म्हणून फोन बंद.

सकाळचा ओटीपी केव्हाच बाद झाला होता. तिने घाईघाईने नवा मागवला. काकांनी फोन चालू केला, खांद्यावरचा दुपट्टा आडवा धरला, एकेक आकडा स्वतः दाबला आणि कल्याणीला म्हणाले, "तू तिकडे पाह्य!"