वसंताने परत आणलेलं भाडं

अन्वी आणि ईशान, तुमचे वसंतमामाआजोबा गेले त्या रविवारी सकाळी फोन आला तो सुनंदाचा, म्हणजे त्याच्या बायकोचा. ती नवाच्या आत कधी फोन करत नाही. "ताई, हे उठत नाहीयेत," एवढंच म्हणाली. इथे कॅनडात वॉटर्लूहून केंब्रिजला पोहोचायला मला अर्धा तास लागला, तोवर पॅरामेडिक निघायच्या तयारीत होते आणि सुनंदा खुर्चीत बसून त्याच्या चष्म्याच्या काचा पुसत होती. पुसून झाल्या की पुन्हा पुसत होती. वादळामुळे हॅलिफॅक्सहून विमानं सुटली नाहीत, तुम्हाला येता आलं नाही, याचं वाईट वाटून घेऊ नका. पण त्या आठवड्यात तुमच्या आईने मला विचारलं, "आई, तुझं आणि मामाचं नक्की काय बिनसलं होतं?" मी "काही नाही" म्हटलं. ते खरं नव्हतं. खरं काय ते आज, सात आठवड्यांनी लिहिते आहे. तुम्हाला इंग्रजी सोपं गेलं असतं, पण वसंताबद्दल मला इंग्रजीत लिहिता येत नाही. आई वाचून दाखवील.

आमचे बाबा भुसावळला रेल्वेत फिटर होते. आमच्या वस्तीतल्या जयंतीची वर्गणी ते घरोघर फिरून गोळा करत. कुणी चार आणे, कुणी आठ आणे. एका वर्षी एका कंत्राटदाराने मंडप आणि लाउडस्पीकर फुकट देऊ केला. बाबांनी नाही म्हटलं. "मंडप त्याचा झाला की सभाही त्याचीच होते," म्हणाले. त्या वर्षी एप्रिलच्या उन्हात सगळे उघड्यावर बसले. माझ्या इंग्रजी शाळेतल्या मैत्रिणी येणार होत्या, म्हणून मला लाज वाटली आणि मी घरात जाऊन रडले. पाच वर्षांचा वसंता मात्र डोक्यावर ओला टॉवेल घेऊन शेवटच्या भाषणापर्यंत बसून राहिला. आम्हा दोघांत काय फरक आहे, हे खरं तर मला तेव्हाच कळायला हवं होतं.

मी लग्न होऊन इथे आले, कॉलेजच्या लायब्ररीत लागले, आणि काही वर्षांनी वसंताला स्पॉन्सर करून इथे बोलावलं. तुमचे आजोबा इंजिनियर, एका मोठ्या कंपनीत मॅनेजर. त्याच कंपनीच्या केंब्रिजमधल्या दुसऱ्या प्लांटमध्ये, जिथे गाड्यांच्या सीटचे सांगाडे बनत, वसंताला मशीनवर काम मिळालं. चार वर्षांत तो तिथल्या युनियनच्या शाखेचा खजिनदार झाला. युनियन म्हणजे काय हे तुम्हाला ठाऊक असेल, पण ती चालते कशावर हे कुणी सांगत नाही. प्रत्येक कामगाराच्या पगारातून थोडी वर्गणी कापली जाते आणि युनियनकडे जाते. खोलीचं भाडं, वकिलाची फी, सभेतली कॉफी, सगळं त्यातूनच. कंपनीने एकदा प्लांटमध्येच ऑफिसला खोली देऊ केली होती, हीटिंगसकट, भाडं नाही. वसंताने सभेत उभं राहून ती नाकारायला लावली आणि एका लाँड्रीच्या वरची खोली भाड्याने घेतली. तिथे दिवसभर ड्रायरची ऊब आणि साबणाचा वास येई. मी म्हटलं, "अरे, मिळत होती ती चांगली खोली सोडून हे काय?" तर म्हणाला, "फुकटच्या खोलीची किल्ली कुणाकडे असते, ताई?"

दर रविवारी तो आणि सुनंदा आमच्याकडे जेवायला येत. माझ्या किचन टेबलाशी बसून तो युनियनचं सगळं सांगे. कोण भांडलं, कोणाचं बोट मशीनमध्ये गेलं, कोणाची नोकरी परत मिळाली. तुमचे आजोबा चिडवायचे, "काय खजिनदार, या वर्षी आमच्या कंपनीचं दिवाळं काढायचं ठरलंय का?" तो म्हणे, "भाऊजी, तुमची कंपनी म्हणेल तेव्हा काढू. आधी आम्हाला हिशोब तरी दाखवा." मग दोघं हसत, आणि मी गरम पोळी वाढे. माझ्या आयुष्यातले ते सर्वांत चांगले रविवार होते, हे तेव्हा कळलं नाही.

मग संप झाला. ऐन फेब्रुवारीत, नऊ आठवडे. पगार बंद म्हणजे वर्गणीही बंद. मोठ्या युनियनच्या फंडातून संपकऱ्यांना आठवड्याला जे मिळे, ते ग्रोसरीलाही पुरत नसे. वसंता गेटवर दिवसदिवस उभा राही. लोखंडी ड्रममध्ये लाकडं पेटवून सगळे हात शेकत. त्याच्या बोटांना भेगा पडल्या होत्या, रविवारी पोळीचा तुकडा मोडताना त्याला दुखायचं. त्यानेच सांगितलं की खोलीचं दोन महिन्यांचं भाडं थकलं आहे. मी लगेच म्हटलं, "मी देते." तो जेवता जेवता थांबला. "नाही. तुझे नाहीत, आणि भाऊजींचे तर मुळीच नाहीत. सभासदांच्या वर्गणीशिवाय एक पैसा त्या खोलीला लागता कामा नये. कळलं ना?"

"कळलं," मी म्हटलं.

"नक्की कळलं ना, ताई?"

"अरे हो, कळलं. जेव आता."

...आणि दुसऱ्याच दिवशी मी लाँड्रीच्या मालकाला गाठून तीन महिन्यांच्या भाड्याचा चेक दिला, थकलेले दोन आणि पुढचा एक. थकबाकी मला सहन होत नाही, तुम्हाला माझा स्वभाव माहीत आहे. लायब्ररीतलं एक पुस्तक उशिरा आलं तरी मी अस्वस्थ होई. शिवाय त्या भेगा पडलेल्या बोटांपुढे मला नियम वगैरे काही दिसलं नाही. कुणाला सांगू नका, असं मी मालकाला बजावलं. आजोबांनाही सांगितलं नाही. पण चेक आमच्या जॉइंट अकाउंटचा होता, त्यावर पहिलं नाव त्यांचं होतं. मालक सरळ माणूस. त्याने रीतसर पावती केली, त्या नावाची, आणि युनियनच्या पत्त्यावर टाकली.

ती वसंताच्या हाती पडायच्या आत दुसऱ्याच कुणी पाकीट फोडलं. दुसऱ्या दिवशी गेटवर प्रत्येकाला माहीत होतं की खजिनदाराच्या मेहुण्याने, कंपनीच्या मॅनेजरने, युनियनच्या खोलीचं भाडं भरलं आहे. कुणी म्हणालं, मग संप मोडायचंही ठरलं असेल. ज्यांच्याबरोबर तो महिनाभर थंडीत उभा होता, त्यांच्यातले काही त्याच्यापासून लांब जाऊन उभे राहिले. हे मला पुढे सुनंदाने सांगितलं. त्याने नाही.

चार दिवसांनी, बुधवारी दुपारी, तो बसने आला. एकटाच. हातात दह्याचा मोठा डबा होता, पैशांनी तोंडापर्यंत भरलेला. पाचाच्या चुरगळलेल्या नोटा, दोन डॉलरच्या टूनी, एक डॉलरच्या लूनी, क्वार्टरसुद्धा. सभा झाली होती. पगार नसलेल्या माणसांनी खिशात होतं ते काढून माझे पैसे परत केले होते. "मोजून घे," तो म्हणाला, "आणि या पावतीवर सही कर." मी म्हटलं, "वसंता, असं काय करतोस? आपण काय परके आहोत?" तो म्हणाला, "नाही ना. म्हणूनच तर." मी टेबलावर नाणी मोजली. दोनदा चुकले. सही केली. त्याने पावती घडी करून खिशात ठेवली, आणि बूट घालताना, माझ्याकडे न बघता म्हणाला की सकाळीच खजिनदारपदाचा राजीनामा दिला आहे. चहा मात्र पिऊन गेला.

त्यानंतर तो कधी आलाच नाही, असं नाही. दर सणाला आला. तुमचे आजोबा गेल्यावर तीन हिवाळे, मी कॉन्डोत येईपर्यंत, माझ्या ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करायला आला, सत्तरी जवळ आलेली असताना. तुमच्या आईच्या लग्नात सगळ्यांत जास्त तोच नाचला. पण युनियन हा शब्द त्याने माझ्या घरात पुन्हा उच्चारला नाही. मी विचारलं तर म्हणे, "चाललंय," आणि हवामानावर येई. मी त्याचा अर्थ राग असा लावला. आपणहून विषय काढायचा, माफी मागायची, हे मी दर वर्षी ठरवत होते. वेळ आहे असं वाटत होतं...

अंत्यसंस्कारानंतर दोन आठवड्यांनी मी त्या लाँड्रीवरच्या खोलीत पहिल्यांदा गेले. सोबत चेक घेऊन. हो, पुन्हा. त्याच्या नावाने काहीतरी व्हावं, एखादं बाक, एखादं कपाट, असं मनात होतं. आताची खजिनदार मारिया नावाची पन्नाशीची बाई आहे. तिने मला बसवलं, खाली वाजणाऱ्या ड्रायरबद्दल माफी मागितली आणि चेक हळूच माझ्याकडे सरकवला. सभासद नसलेल्या कुणाकडूनही आम्हाला पैसे घेता येत नाहीत, म्हणाली. तसा लेखी नियम आहे, आणि तो वसंतानेच मांडलेला आहे. "थांबा, दाखवते," म्हणून तिने स्टीलच्या कपाटातून एक जाड वही काढली. खजिनदाराचे अहवाल. पानामागून पान वसंताचं ठाशीव, तिरकं अक्षर. शेवटच्या अहवालाशी ती थांबली.

इंग्रजीत लिहिलं होतं. मी इथे मराठीत देते. खोलीचं तीन महिन्यांचं भाडं माझ्या बहिणीने भरलं. तिच्या नवऱ्याला याची कल्पना नव्हती. बाहेरचे पैसे आपण घेत नाही, हे मी तिला कधीच सांगितलं नव्हतं. चूक माझी आहे, तिची नाही. पैसे परत केले, पावती जोडली आहे. आणि खाली, पिवळ्या पडलेल्या पावतीवर, माझी सही.

मी ते तीनदा वाचलं. आधी वाटलं, विसरला असेल. पण वसंता क्वार्टरसुद्धा विसरत नसे. "कळलं ना? नक्की कळलं ना, ताई?" असं त्याने दोनदा विचारलं होतं, आणि दोन्ही वेळा मी हो म्हटलं होतं. भर सभेत मला कुणी नावं ठेवू नयेत म्हणून त्याने ते स्वतःवर घेतलं, आणि त्यापायी पद सोडलं. इतकी वर्षं तो माझ्यावर रागावला आहे असं समजून मीच त्याच्यावर मनातून रुसून होते.

मारिया सहज म्हणाली, "एवढा काटेकोर माणूस, आणि घरच्यांना सांगायचंच राहिलं."

"राहिलं नव्हतं," मी म्हटलं. "त्याने मला सांगितलं होतं. माझ्या किचनमध्ये. दोनदा."

 मी विचारलं, हे दुरुस्त करता येईल का? तिने नकारार्थी मान हलवली. अहवालात दुरुस्ती करायची तर सभासदाने सभेत मांडावी लागते, आणि मी सभासद नाही. मग तिने वही मिटली, कपाटाच्या दुसऱ्या फळीवर बाकीच्या वह्यांच्या रांगेत सरळ लावून ठेवली आणि आम्हा दोघींसाठी चहा ठेवला. चहाचे पैसे देऊ का, असं या वेळी मी विचारलं नाही.