अकरा मिनिटांचा आवाज

आमचे मोठे भाऊजी टेलिफोनच्या प्रयोगशाळेत आवाज कमी जागेत बसवायचं काम करायचे. मी भाजी निवडत होते तेव्हा त्यांनी मला एकदा समजावलं होतं, "आवाज सेकंदात आठ हजार वेळा मोजायचा. मागच्या दहा मापांवरून पुढचं ताडायचं. ताडलेलं आणि खरं, यातला फरक तेवढा ठेवायचा." तीस वर्षं हेच केलं त्यांनी. चालायचेही तसेच, पुढचं पाऊल आधीच ठाऊक असल्यासारखे, किंचित तरंगत.

जाऊबाईंच्या घशाचं ऑपरेशन सोमवारी ठरलं. नंतर आवाज राहणार नव्हता. भाऊजींनी त्यांना तासभर बोलतं केलं आणि तो तास खिशात मावेल एवढ्या यंत्रात बसवला. शनिवारी दुपारी, पडदे ओढलेल्या खोलीत, आम्ही तिघं ऐकायला बसलो. पाण्याखालून यावा तसा आवाज आला. शब्द न् शब्द कळत होता.

"ही कोण बाई?" जाऊबाईंनी बसक्या घशानं विचारलं. "फारच समजूतदार दिसते. हिच्याशी लग्न केलं असतंत तर सुखी झाला असतात."

भाऊजी हसले नाहीत. तास मावावा म्हणून त्यांनी फरक टाकून दिले होते आणि त्यांच्या जागी यंत्राची एकसुरी गुणगुण भरली होती. टेलिफोनच्या कामात तेवढं खपून जायचं, पलीकडे निरोप पोचला की झालं.

"नुसता अंदाज उरलाय," ते म्हणाले. "तू फरकात होतीस."

"मग मूळचं लावा."

"पुसलं. जागा अडते म्हणून. सवयच ती."

"धन्य आहे तुमची, भाऊजी," मी म्हटलं.

फरकासकट ठेवायचं तर अकराच मिनिटं मावणार होती. जाऊबाईंनी घोटभर पाणी घेतलं, मायक्रोफोन जवळ ओढला. मला वाटलं, आता काहीतरी जपून ठेवण्याजोगं बोलतील. त्यांनी सुरुवात केली ती पलंगावर टाकलेल्या ओल्या टॉवेलवरून. मग नणंदेची नक्कल झाली, एक गाणं अर्ध्यावर सोडून झालं. आठव्या मिनिटाला आवाज चिरकला आणि त्या गप्प बसल्या.

मी यंत्र बंद करायला हात पुढे केला. कानावरचे हेडफोन न काढता भाऊजींनी नकारार्थी मान हलवली. उरलेली तीन मिनिटं जाऊबाईंचा श्वास येत-जात राहिला, आणि डोळे मिटून ते तोही जसाच्या तसा भरून घेत राहिले.