मूर्ती गारूंची पार्किंगची जागा

मंडळी, सोसायटीचं सेक्रेटरीपद कुणाला हवं असेल तर आजच घेऊन जा. मी दमलो.

हैदराबादमधल्या आमच्या मलकपेठच्या अपार्टमेंटला नोटीस आली. मोठ्या इमारतींनी पावसाचं पाणी मुरवायला खड्डा केलाच पाहिजे. आमचं अंगण सगळं सिमेंटचं. इंजिनिअरने उतार बघून जागा दाखवली, ती नेमकी तिसऱ्या मजल्यावरच्या मूर्ती गारूंच्या, म्हणजे आपल्याकडे म्हणतात तशा मूर्तीरावांच्या, गाडीची.

सकाळी त्यांना सांगायला गेलो. ते सरकारी नोकरीत. आंध्र आणि तेलंगणा अशी राज्याची वाटणी झाली तशी कर्मचाऱ्यांचीही होतेय, आणि त्यांना आंध्रात जायला सांगितलंय. मुलगी इथे दहावीला आहे.

मी नियम समजावला. त्यांनी तो ऐकून घेतला. मग म्हणाले, "मेरेकू तो जाओ बोल दिये. अब गाडीकू भी जाओ बोलते क्या, सेक्रेटरी साब?"

हा पाण्याचा नियम आहे, तुमच्यावर राग नाही, असं मी दोनदा सांगितलं.

शेवटी माझी पार्किंगची जागा त्यांना दिली. त्यांनी नुसती मान हलवली. दुपारी खोदकाम सुरू झालं. माझी गाडी आता बाहेर रस्त्यावर आहे.

बायको म्हणाली, "अहो, ते तर जाणारच आहेत ना?"

"जाईपर्यंत तरी राहू दे," एवढंच मी बोललो.

नियम बरोबरच आहे. उन्हाळ्यात टँकरमागे आम्हीच धावतो. तरी आज खड्डा खणताना बरं वाटलं नाही. माझ्या जागी तुम्ही असता, तर काय सांगितलं असतं त्यांना?