अर्ध्यात उघडलेला उमू

नेयाफू या बेटावरच्या बंदरगावातल्या रेडिओ केंद्रात पेनिसिमानी आणि लेसिएली कितीतरी वर्षं एकाच छपराखाली वावरले, तरी पेनिसिमानी लेसिएलीला ओळखत होता असं म्हणणं धाडसाचं होईल. ती मूळची कुठल्या बेटावरची, नवरा का सोडून गेला, दुपारी एकटीच बंदराकडे तोंड करून का जेवते, यातलं त्याला धड काहीच ठाऊक नव्हतं. ठाऊक होतं ते एवढंच, की ती कुणावर विश्वास ठेवत नसे. आणि तो तिच्यावर ठेवत नसे.

केंद्राचा सर्व्हर ती सांभाळायची. गाणी, बोटींच्या वेळा, मयताच्या सूचना, सगळं त्या यंत्रातून हवेत जायचं. पेनिसिमानी राखणदार. किल्ल्या त्याच्या कमरेला आणि फाटकाजवळची खोली राहायला. तो चहा घेऊन आत गेला की लेसिएली यंत्राचा पडदा काळा करायची. टेबलाच्या एका खणाला तिचं स्वतःचं कुलूप होतं. एवढं काय लपवते ही? त्याच्या मनात पाल चुकचुकायची.

रविवारी चर्चमधली प्रार्थना थेट राजधानीहून यायची, सर्व्हर लागत नसे, त्यामुळे काही कळलं नाही. सोमवारी सकाळी मात्र रेडिओवर नुसती खरखर. फाटकाशी एक बाई सासूच्या मयताची सूचना घेऊन उभी होती. सूचना वाचली गेली नाही तर लांबच्या बेटांवरचे नातेवाईक बोटीत बसणार कसे?

व्यवस्थापक हेनेली तणतणत आला. "ज्यानं हे केलं तो केंद्राच्या समितीपुढे उभा राहील आणि त्याच दिवशी घरी जाईल," तो म्हणाला. म्हणताना त्याची नजर किल्ल्यांच्या जुडग्यावर होती.

घरी म्हणजे कुठे? फाटकाजवळची ती खोली सोडली तर पेनिसिमानीला दुसरं घर नव्हतं.

"शनिवारी शेवटी हीच होती आत," तो घाईनं बोलून गेला. "हातात मोठी पिशवी होती."

"तारोचे कंद होते," लेसिएली मान न वळवता म्हणाली. "सालं ठेवलीत. आणून दाखवू?"

हेनेलीला बाजूला घेऊन पेनिसिमानी कुजबुजला, "हिचा मामेभाऊ म्हणे नवी यंत्रं विकतो. जुनं बिघडलं तर कुणाचं फावेल, तुम्हीच बघा."

मग दोघेही तिच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. शनिवारी तिनं सर्व्हरमधली सगळी सॉफ्टवेअर-व्यवस्था जुन्या आवृत्तीवरून नव्या आवृत्तीवर न्यायला घेतली होती. ती मध्येच तुटली होती. आता यंत्र विचारत होतं की दुरुस्तीसाठी अमुक अमुक काढून टाकतो, चालेल का?

"हो म्हण ना!" हेनेली म्हणाला.

"नाही."

"अगं बाई, ते आपणहून दुरुस्त करतो म्हणतंय!"

"काय काय काढणार ते वाचा ना साहेब. त्यात आपला प्रसारणाचाच प्रोग्राम आहे. डोकं दुखतंय म्हणून मुंडकं उडवायचं का?"

हिला दुरुस्त करायचंच नाही, पेनिसिमानीला वाटलं. वेळ काढतेय.

"मग झालंय तरी काय?" हेनेलीनं विचारलं.

"उमू अर्ध्यात उघडलाय," ती म्हणाली. "जेवण भाजायला खड्डा तापवला, कंद ठेवून पानं घातली, वर माती लोटली आणि कुणीतरी मध्येच उकरून ठेवला. काही भाजलंय, काही कच्चं. प्रसारणाच्या प्रोग्रामला जुनं पॅकेज, म्हणजे त्याच्या जोडीचं सॉफ्टवेअर, लागतं, ते निघून गेलंय. त्याच्या जागी नवं यायचं, ते अर्धंच आलंय. एक दुसऱ्यासाठी अडलंय, दुसरं तिसऱ्यासाठी."

हेनेली समितीला फोन करायला बाहेर गेला. लेसिएलीनं गळ्यातली किल्ली काढून खण उघडला. पेनिसिमानी पुढे झुकला. आत कापडात गुंडाळलेली एक डिस्क होती, बस. जुन्या पॅकेजांच्या प्रती तिनं त्यात जपून ठेवल्या होत्या. अर्धवट उघडलेली पॅकेजं तिनं आधी मार्गी लावली, मग डिस्कवरून जुनं परत बसवलं. प्रत्येक वेळी यंत्र काही विचारायचं आणि ती ओठ हलवत शब्द न् शब्द वाचायची. बाजाराला गेलेली बाई मासा उलटापालटा करून बघते, तशी.

खरखर थांबली. बाहेरच्या स्पीकरवर गाणं लागलं.

ती मात्र उठली नाही. यंत्रानं काय केलं, कधी केलं याची नोंद पडद्यावर वर सरकवत राहिली. एका ठिकाणी ओळ अर्ध्यातच तुटली होती. वेळ शनिवार संध्याकाळची.

"दादा, शनिवारी संध्याकाळी काय काय बंद केलंत?"

"नेहमीचंच. देवाचा रविवार लागतो म्हणून भिंतीवरची सगळी बटणं. फक्त ट्रान्समीटर सोडला. यंत्रांनीही त्या दिवशी राबू नये." बोलता बोलता त्याचा आवाज खाली आला. "तू... तू तर यंत्र बंद करून जातेस ना दर शनिवारी?"

"या खेपेला चालू ठेवून गेले. नवी पॅकेजं उपग्रहावरून यायला वेळ लागतो."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर कुणीतरी हात लावला असता."

फोन उरकून हेनेली दारात येऊन उभा राहिला. "कळलं का कुणाचं काम ते?"

"वीज गेली होती शनिवारी," लेसिएली म्हणाली.

"आमच्याकडे नाही गेली."

"इथे गेली होती. विचारा दादांना."

पेनिसिमानी चर्चचा कारभारी माणूस. खोटं बोलायची सवय नाही. "गेली होती," तो म्हणाला.

हेनेलीनं दोघांना नीट न्याहाळलं, पण बाहेर ती बाई सूचनेसाठी ओरडत होती. तो गेला.

खोली वाचली, पण झोप उडाली. हिनं मला का वाचवलं? आता काय मागेल? की तिनं स्वतःलाच वाचवलं? काम चालू ठेवून कुणाला न सांगता गेली, हेही समितीला कळलंच असतं की. तो वाट बघत राहिला. तिनं काही मागितलं नाही. चहा आणला की पडदा पूर्वीसारखाच काळा व्हायचा.

पुढच्या वर्षी ती मुलीकडे, ऑकलंडला निघाली. त्यानं सुरणासारखे मोठे यामचे कंद भरून टोपली नेली.

"हे कशाला?" तिनं संशयानं टोपलीत हात घालून तळ चाचपला.

"असंच."

"विमानात नाही नेऊ देत."

"मग शेजारी दे कुणाला."

"देते. टोपली परत हवीय का?"

"राहू दे."